अंबादासचं पाचवं शील

माझ्या जिभेला हाड नाही, असं माझ्या सासूनं लग्नाच्या तिसऱ्याच दिवशी जाहीर केलं होतं. त्यानंतरच्या बत्तीस वर्षांत तिचं म्हणणं खोटं पडावं असं मी काही केलेलं नाही. माझ्या बालवाडीतल्या पोरांच्या आयांपासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत मी सगळ्यांना तोंडावर बोलते. आणि अंबादासला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सगळ्यांत जास्त. आम्ही दोघं घाटकोपरच्या एकाच चाळीत वाढलो, एकाच नळावर भांडलो, त्यामुळे चारचौघांत ‘अहो’ आणि घरात ‘अरे’ असा आमचा कारभार. तो मुळातच कमी बोलणारा. त्याच्या वाटचंही मीच बोलायची आणि आमचं छान चाललं होतं.

मग तो अजिबातच बोलेनासा झाला. पवईच्या एका ऑफिस कॉम्प्लेक्समध्ये तो इलेक्ट्रिशियन होता. रिटायर व्हायला सहा महिने बाकी होते, तेव्हापासूनच सुरू झालं. सकाळी उठून पलंगाच्या कडेला बसायचा तो बसूनच राहायचा. समोरच्या चहावर साय धरायची. आंघोळीला दुपार व्हायची. एकदा किचनची ट्यूब गेली. जन्मभर दुसऱ्यांच्या ट्यूबा बदलणारा हा माणूस स्टुलावर चढला आणि ट्यूब हातात धरून रडायला लागला. मी खाली स्टूल धरून उभी. “अरे, काय झालं?” तर म्हणाला, “काही नाही.” आणि खरंच काही झालेलं नव्हतं. पेन्शनचं ठीक होतं, दिंडोशीची खोली स्वतःची होती, आमची मुलगी संघमित्रा लग्न होऊन सुखात होती.

पण लोकांना कारण लागतं. शेजारची विमला म्हणाली, रिटायरमेंटचं टेन्शन. त्याचा भाऊ म्हणाला, पोरीची आठवण. मी काय म्हणाले तेही सांगते, लपवून काय उपयोग? मी म्हणाले, आळस. मी त्याला उठवायची, ढकलायची, टोमणे मारायची. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला लिफ्ट बंद पडली म्हणून शिव्या द्याव्यात, तसलं माझं वागणं होतं.

तो रिटायर झाल्यावर शेवटी मित्रा त्याला सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. मीही गेले. डॉक्टरीण मित्राहूनही लहान होती. तिनं त्याला तासभर बोलतं केलं, म्हणजे तो पाच मिनिटं बोलला आणि बाकी वेळ ती थांबली. एवढा वेळ कोणी गप्प बसू शकतं हेच मला नवीन होतं.

मग ती म्हणाली, “काका, हे डिप्रेशन आहे. आजार आहे, तुमची चूक नाही. रोज रात्री जेवणानंतर ही एक गोळी. आणि रोज चालायचं, आठवड्यातून पाच दिवस तरी, अर्धा तास, अंगात ऊब येईल इतपत. काही जणांना नुसत्या व्यायामानं बरं वाटतं, काहींना गोळी लागते. तुम्हाला सध्या दोन्ही हवं. फरक दिसायला तीन-चार आठवडे जातील. आणि बरं वाटलं तरी मला विचारल्याशिवाय गोळी सोडायची नाही.”

भाकरी दोन्हीकडून भाजावी लागते, तसं मी मनातल्या मनात समजून घेतलं. अंबादासनं एकच प्रश्न विचारला. “गुंगी येईल का?”

“सुरुवातीला थोडी सुस्ती वाटेल. मग जाईल.”

हा प्रश्न त्यानं का विचारला, ते मला तिथंच कळायला हवं होतं. त्याचे वडील, आमचे आबा, दारूत गेले. रोज संध्याकाळी ते चाळीच्या नळापाशी पडलेले असायचे आणि चौदा वर्षांचा अंबादास त्यांना खांद्यावर घेऊन घरी न्यायचा. सगळ्या चाळीनं ते बघितलंय, मीही बघितलंय. आबा गेले त्या वर्षी त्यानं विहारात जाऊन पंचशील घेतलं. घेतात सगळेच, पण यानं ते कायद्यासारखं पाळलं. पाचवं शील नशेपासून दूर राहायचं. तर हा माणूस खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षरसुद्धा चष्मा लावून वाचणार, आणि मगच चमचा तोंडात घालणार. चौथं शील खोटं न बोलण्याचं. तेही तसंच. माझी नवी साडी वाईट दिसत असेल तर हा तोंड उघडायचाच नाही, त्यावरून मी ओळखायची. आवाज चांगला म्हणून दर रविवारी आमच्या वस्तीच्या विहारात वंदना तोच सांगायचा. तो एकेक शील आधी म्हणणार, मग सगळे त्याच्या मागून.

गोळी सुरू झाली आणि पठ्ठ्या सकाळी आठ-आठपर्यंत झोपायला लागला. पहिल्या रविवारी विहारात गेला नाही. “आज नको,” एवढंच म्हणाला. नवव्या दिवशी साडेआठ वाजले तरी हा पलंगावर आडवा, तोंड उघडं, एक हात खाली लोंबतोय. मला बालवाडीला उशीर होत होता. मी चादर ओढली आणि म्हणाले, “उठा आबासाहेब, उतरली का?”

मला वाटलं, हसेल. हसला नाही, पण उठला. सरळ आंघोळीला गेला. मी स्वतःवर खूश, बघा, चिमटा काढल्याशिवाय हा माणूस हलत नाही!

आणि दुसऱ्या दिवसापासून चमत्कारच झाला. हा सहाला उठायला लागला. मित्रानं आणून दिलेले बूट घालून एकटाच चालायला जायला लागला. तोवर मी त्याला ओढत न्यायची, तो माझ्या मागे दहा पावलं, लहान पोराला डोस पाजायला न्यावं तसा. आता मला न घेताच जायचा. आधी अर्धा तास, मग एक तास, मग सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा. रविवारी पुन्हा विहारात वंदना सांगायला उभा राहिला. पाचही शीलं खणखणीत म्हणाला. भाऊराव गुरुजींनी, आमच्या विहाराचं सगळं बघणाऱ्या ऐंशीला टेकलेल्या रिटायर हेडमास्तरांनी, त्याच्या पाठीवर थाप मारली. मी विमलाला म्हणाले, “गोळी लागू पडली गं बाई! वाघ झालाय वाघ.”

रोज जेवण झालं की मी गोळी आणि पाण्याचा तांब्या त्याच्या हातात द्यायची आणि भांडी घासायला वळायची. “घेतली का?” असं पाठमोरीच विचारायची. तो म्हणायचा, “तू घास, मी पुसून ठेवतो.” मला त्याचंही कौतुक. नवरा भांडी पुसतोय म्हटल्यावर कुठली बायको पुढचं विचारत बसेल?

दोन महिने असे गेले. तो आरेच्या रस्त्यानं पार पवईपर्यंत चालत जायला लागला. गालफडं बसली, पॅन्टला नवीन भोक पाडलेला पट्टा लागला. विमला म्हणाली, “भावजी फारच बारीक झालेत गं.” मी म्हणाले, “फिट झालेत म्हण. आरेतला बिबट्यासुद्धा सोडून देईल, अंगावर खायला आहे काय?” तेव्हा मला दिसायला हवं होतं की परत आल्यावर त्याच्या चेहऱ्यावर घाम होता, पण दुसरं काहीच नव्हतं. चालून आलेला माणूस पाणी मागतो, पंखा लावतो, ‘काय ऊन आहे’ म्हणतो. हा बूट काढायचा आणि भिंतीकडे बघत बसायचा.

मार्चमधला मंगळवार होता. बालवाडीत पोरं गोल करून बसली होती आणि मी त्यांना भाज्यांची नावं सांगत होते. अकराच्या सुमारास फोन वाजला. अंबादास होता.

“शकू, तू मला न्यायला येशील का?”

“कुठंयस?”

“पवईला. तळ्यापाशी.”

“मग रिक्षा कर ना. पाय दुखतायत का?”

“नाही. तू ये.” मग म्हणाला, “मी मघापासून पाण्याकडे बघत बसलोय. मला इथून उठता येईना. भीती वाटतेय मला, शकू.”

माझ्या हातातलं वांग्याचं चित्र खाली पडलं. पोरं मदतनीस नंदाच्या हवाली केली आणि चपला धड न घालताच रस्त्यावर आले. रिक्षावाल्याला म्हणाले, “भैया, जितना जल्दी हो सके.” आणि फोनवर म्हणाले, “अंबादास, फोन ठेवायचा नाही. मी बोलतेय, तू फक्त हं म्हण. ऐकतोयस ना?”

“हं.”

दिंडोशीपासून पवईपर्यंत मी काय बोलले ते मला सगळं आठवत नाही. मटकीला मोड आलेत म्हणून सांगितलं. विमलाच्या सुनेनं सासूला न विचारता फ्रिज घेतला त्याची पूर्ण हकीकत सांगितली. सेक्रेटरीनं पाण्याच्या टाकीचं कुलूप हरवलं आणि वर मलाच विचारतो, हे सांगितलं. आमच्या लग्नात त्याच्या मामानं दोनदा जेवून पुन्हा पहिल्या पंगतीत कसं घुसायला बघितलं, ते सांगितलं. मधेमधे विचारायची, “आहेस ना?” तो म्हणायचा, “हं.” सिग्नलला रिक्षा थांबली आणि एकदा ‘हं’ यायला उशीर झाला, तेव्हा मी इतक्या जोरात ओरडले की रिक्षावाल्यानं मागे वळून बघितलं. त्यानं सिग्नल तोडला. देवमाणूस होता तो, मला त्याचं नावही माहीत नाही.

तळ्याच्या कठड्यापाशी एका बाकावर अंबादास बसला होता. बूट काढून बाजूला नीट जोडीनं ठेवलेले. फोन अजून कानाला. मी त्याच्या शेजारी बसले तरी त्यानं तो खाली घेतला नाही. मीच त्याच्या हातातून घेतला आणि तो हात दोन्ही हातांत धरून ठेवला. उन्हातही गार होता.

मग तो म्हणाला, “मी गोळ्या घेत नाही.”

“काय?”

“खिशात टाकतो. मग कचऱ्यात. वाटलं, चालून चालून घालवीन. जास्त चाललो तर गोळीची गरज लागणार नाही. थांबलो की ते परत येतं, म्हणून मग आणखी चालायचं. आज पाय चालेनात.”

दोन महिन्यांत त्यानं एकदाही ‘घेतली’ म्हटलेलं नव्हतं, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. खोटं बोलायचं नाही म्हणून माणूस दोन महिने भांडी पुसत होता.

“पण का रे? कधीपासून?”

तो माझ्याकडे बघत नव्हता. “तू त्या दिवशी म्हणालीस ना. आबासाहेब, उतरली का. मला वाटलं, खरंच की. गोळी खाऊन लोळायचं आणि रविवारी उभं राहून लोकांना पाचवं शील सांगायचं. कसं सांगू? आबांना मी खांद्यावर घेऊन आणायचो, तेव्हा ठरवलं होतं, माझं असं होणार नाही.”

मी एका शब्दानं माझ्या माणसाला त्याच्या बापाशेजारी नळापाशी झोपवलं होतं, आणि वर ते विसरूनही गेले होते. मी तिथं बाकावर बसून रडले. जॉगिंगवाले बघत होते, बघू देत. “माझं चुकलं रे,” मी म्हणाले. “माझं चुकलं, अंबादास.” मला या माणसाबद्दल किती वाटतं ते मी त्याला आयुष्यात कधी नीट सांगितलेलं नाही. जगाला तोंड देताना धावते ती जीभ नेमकी तिथंच अडते. त्या दिवशी सांगितलं. म्हणाले, “तू पाहिजेस मला. झोपलेला पाहिजेस, रडणारा पाहिजेस, कसाही पाहिजेस.” त्यानं मान हलवली आणि बूट घालायला घेतले. लेस मी बांधली.

संध्याकाळी मित्रा आली. तिनं डॉक्टरला फोन करून सगळं सांगितलं. दुसऱ्याच दिवशी सकाळी या, तोवर त्यांना एकटं सोडू नका, असं डॉक्टर म्हणाली. पण मला माहीत होतं, डॉक्टरनं हजार वेळा सांगितलं तरी हा गोळी गिळणार नाही. ही गाठ दवाखान्यात सुटणारी नव्हती. मी त्याला भाऊराव गुरुजींकडे घेऊन गेले.

गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता ते प्रवचन देतील. ते फक्त म्हणाले, “अंबादास, पाचवं शील कशासाठी? नशेनं मन बेसावध होतं आणि बेसावध माणूस मग बाकीची चारही मोडतो, म्हणून. बरोबर?”

“बरोबर, गुरुजी.”

“पहिलं शील काय?”

“जीव न घेण्याचं.”

“कुणाचा?”

गुरुजींनी घाई केली नाही. मीसुद्धा तोंडावर पदर धरून बसले.

“आता खरं सांग,” गुरुजी म्हणाले, “तू खोटं बोलणार नाहीस, मला माहीत आहे. तुझं मन जास्त बेसावध कधी झालं? ते नऊ दिवस गोळी घेऊन सकाळी उशिरा उठत होतास तेव्हा? की आज गोळी न घेता तळ्याकाठी बसलास तेव्हा?”

गुरुजींच्या सुनेनं चहा आणून ठेवला, तो निवला. मग अंबादास अगदी हळू म्हणाला, “आज. तळ्याकाठी.”

“मग दूर कशापासून राहायचं ते तूच ठरव. येत्या रविवारी वंदना तुलाच सांगायची आहे. मी दुसऱ्या कोणाला सांगणार नाही.”

रात्री जेवण झाल्यावर मी तांब्या दिला आणि या वेळी भांड्यांकडे वळले नाही. त्यानं गोळी जिभेवर ठेवली आणि पाणी प्यायला. सकाळी दवाखान्यात गेलो. डॉक्टरनं दर आठवड्याला यायला सांगितलं, आणि चालणं कमी करायला लावलं. म्हणाली, “काका, व्यायाम म्हणजे शिक्षा नाही. अर्धा तास पुरे. चालताना शेजारच्याशी गप्पा मारता आल्या पाहिजेत, एवढाच वेग.”

तेव्हापासून आम्ही दोघं जातो. डोंगराकडच्या रस्त्यानं वर आणि परत. पहिले तीन आठवडे फरक पडला नाही आणि मी रोज आतून मरत होते. पाचव्या आठवड्यात तो एक दिवस स्वतःहून दाढी करून बसला. मग दोन दिवस पुन्हा पलंगाची कड. मग पुन्हा दाढी. असं पुढे-मागे. पण गोळी चुकली नाही, आणि रविवारी पाचवं शील तो म्हणतो, आवाज थोडा कापतो, तरी म्हणतो.

बदलले होते ती मी. तळ्याच्या त्या दिवसानंतर मी त्याला एक वाकडा शब्द बोलले नव्हते. ‘अरे’चं घरातसुद्धा ‘अहो’ झालं. उठलात का, बरं वाटतंय का, चहा आणू का. एखादी चांगली कोटी जिभेवर आली की मी ती गिळायची. विमला म्हणाली, “शकू, तुझी तब्येत बरी आहे ना गं?” एका शब्दानं मी त्याला तळ्याकाठी नेलं होतं. दुसरा शब्द कुठं नेईल कोणास ठाऊक. त्यापेक्षा मुकं राहिलेलं बरं, असं मी ठरवूनच टाकलं होतं.

मे महिन्यातली सकाळ होती. आम्ही चढ चढत होतो. तो माझ्या बरोबरीनं चालत होता. मी म्हणाले, “दमलात तर बसू या का? पाणी देऊ का?”

तो थांबला. “शकू, तू मला शिव्या कधी घालणार?”

“म्हणजे?”

“दोन महिने झाले, घरात नर्स राहायला आल्यासारखं वाटतंय. तू गोड बोललीस की मला वाटतं, मी अजून तिथंच बाकावर बसलोय आणि तुला ते दिसतंय.”

“मला भीती वाटते,” मी म्हणाले. खरं तेच सांगितलं. “मी बोलले आणि तू गोळ्या सोडल्यास.”

“ते माझ्या डोक्यात पहिल्या गोळीपासून होतं. तू बोलली नसतीस तरी मी सोडल्या असत्या.” मग रस्त्याकडे बघत म्हणाला, “आणि त्या दिवशी रिक्षात तू चाळीस मिनिटं बडबडत होतीस ना, तेवढा वेळ मी बाकावरून उठलो नाही. मामाच्या पंगतीचं पूर्ण ऐकायचं होतं.”

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते पुसायच्या आधी मी त्याच्याकडे बघितलं. उजव्या पायातला मोजा निळा होता आणि डाव्या पायातला काळा.

“अरे ए इलेक्ट्रिशियन,” मी म्हणाले, “जन्मभर लाल तार कुठली, काळी कुठली हे सांभाळलंस, आणि मोजे घालताना फेज गेली का तुझी?”

त्यानं खाली पायांकडे बघितलं. मग हसला. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, आणि हसता हसता तो धाप लागून कठड्याला टेकला. मी पुढे चालत राहिले. मागे वळले असते तर भोकाड पसरलं असतं, आणि त्यावरून तो मला जन्मभर चिडवत बसला असता. मागून त्याची हाक आली, “थांब गं, बये, मला येऊ दे,” आणि मी थांबले.